लक्षण खरं, निदान सोयीचं

मुलुंड (पूर्व)

चि. सायलीस,


तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला, आणि अंधेरीच्या त्या विक्रेत्याशी झालेलं तुझं बोलणंही ऐकलं. गाडी दिसायला छान आहे. २०१७ची, पेट्रोल, एमएच-०२ पासिंग. तो तीन गोष्टी स्वतःहून सांगतो: चेक इंजिनचा दिवा लागतो तो ‘फक्त सेन्सर’, सकाळी निघणारा धूर ‘गाडी उभी होती म्हणून’, आणि कूलंट अधूनमधून घालावं लागतं ते ‘आपल्या ट्रॅफिकमुळे’. तू विचारलंस, काका, हा माणूस खरं बोलतोय का?

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझी सगळी नोकरी असली वाक्यं ऐकण्यात गेली, म्हणून सांगतो. माणसाचा चेहरा वाचायला जाऊ नकोस. जुनी गाडी विकणारा लक्षणाबद्दल सहसा खोटं बोलत नाही, कारण दिवा तुला दिसतो आणि धूरही दिसतो. गडबड असते ती निदानात. एका लक्षणाची चार-पाच कारणं असू शकतात, आणि त्यातलं सगळ्यांत स्वस्त कारण तो तुझ्यापुढे ठेवतो. कधी ते खरंही निघतं. पुष्कळदा त्याला स्वतःलाच नक्की ठाऊक नसतं, कारण नक्की कळलं तर किंमत उतरवावी लागेल म्हणून त्याने गाडी गॅरेजला दाखवलेलीच नसते. तेव्हा त्याच्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लाव: हे कारण नसून दुसरं महागडं कारण असेल, तर फरक कुठे दिसेल?

त्याआधी त्याला एक साधी गोष्ट सांगून बघ. ‘सेन्सर दोन हजारांचा आहे ना? मग तुम्ही बदलून घ्या, बिल गाडीच्या किमतीत धरा, मी पुढच्या रविवारी येते.’ दिवा लागलेली गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक वीस-पंचवीस हजार पाडून मागतं, हे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दोन हजारांत ते नुकसान टळत असताना त्याने ते का टाळलं नाही, याचं पटणारं उत्तर त्याच्याकडे असायला हवं. वेळ मिळाला नाही, हे उत्तर मी धरत नाही.

आता दिव्याकडे ये. किल्ली ‘ऑन’वर फिरवली की चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तू पुन्हा जाशील तेव्हा दिवा अजिबातच लागला नाही, तर खूश होऊ नकोस. बहुधा कोणीतरी तो बंद करून ठेवला आहे. आपल्याकडे एप्रिल २०१३पासून गाड्यांना ओबीडी-२ ही बिघाड नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली, त्यामुळे या गाडीत स्टिअरिंगखाली तिचं सॉकेट असणारच. त्यात छोटा स्कॅनर लावून मोबाइलवर बिघाडाचा कोड वाचता येतो. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच बिघडला असं होत नाही. इंजिन ऑइल जाळत असेल, कुठून हवा ओढत असेल किंवा एखादा सिलिंडर नीट पेट घेत नसेल, तरी तो बिचारा सेन्सर तेच नोंदवतो. पी-०४२० कोड आला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मंदावला आहे, आणि तो कशाने मंदावला हे शोधावं लागतं. ऑइल जाळणारं इंजिन त्याला हळूहळू मारतं.

स्कॅनरमधली सगळ्यांत उपयोगाची गोष्ट फार कमी लोक बघतात. कोड पुसून टाकता येतात, दोन मिनिटांचं काम आहे. पण कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा बऱ्याच गाड्या सांगतात. शिवाय गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या करते त्या कोड पुसल्यावर अपूर्ण दिसतात आणि काही दिवस नेहमीसारखी चालवल्यावरच पूर्ण होतात. दिवा विझलेला, कोड एकही नाही, आणि पुसल्यापासून अंतर नऊ किलोमीटर, असं दिसलं तर तू येण्याआधी सकाळी काय झालं ते तुला कळलंच.

धुराबद्दल. सकाळी सातला जा, आणि इंजिन तू स्वतः चालू करणार हे आदल्या दिवशीच सांग. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर भांडू नकोस, उद्या येते म्हण आणि निघ. गार इंजिन जे सांगतं ते गरम झाल्यावर लपतं: सैल टायमिंग चेनची खडखड, रात्रभरात सिलिंडरमध्ये उतरलेलं ऑइल, कमजोर बॅटरी. सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघून दोन-तीन मिनिटांत विरली तर काळजी नाही. पण आपल्या उकाड्यात ती दाट असेल, थांबत नसेल आणि वासाला गोडसर असेल, तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल. तो चालू करताना भप्पकन निघून संपला तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेले आहेत, आणि त्याचं काम आटोक्यातलं असतं. पण गाडीवर जोर पडताना, चढावर, निळा धूर येतच राहिला तर पिस्टन रिंगा, म्हणजे इंजिन खोलणं आलं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून बघ. तिथून धूर फुसफुसत वर येत असेल तर मेकॅनिक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि मान हलवतात.

त्या झाकणाच्या आत कॉफीसारखा फेस दिसला तर? पावसाळ्यात स्टेशनपर्यंतच्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणामुळे तो थोडासा धरतो, तेवढ्यावरून गाडी नाकारू नकोस. डिपस्टिक काढ. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल तर कूलंट ऑइलमध्ये गेलं आहे, आणि मग ट्रॅफिकचं कारण सांगणाऱ्या माणसाशी पुढे बोलण्यात अर्थ उरत नाही. कारण कूलंटचं सर्किट बंद असतं. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं हे खरं, पण धडधाकट गाडीत कूलंट त्यामुळे संपत नाही. ते कमी होत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा जळतंय, तिसरी वाट नाही. पाइप किंवा रेडिएटर गळत असेल तर स्वस्तात सुटतं. हेड गॅस्केट गेलं असेल तर नाही.

हे तपासायला गाडी अंधेरी-घाटकोपर लिंक रोडला घे. संध्याकाळी साकीनाका ते असल्फा एसी चालू ठेवून रेंगाळत ये. निघण्याआधी कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण कर. तापमान मध्यावर स्थिर राहायला हवं, पंखा सुरू होऊन बंद व्हायला हवा. मग असल्फ्याच्या डोंगराकडच्या एखाद्या चढाच्या गल्लीत दुसऱ्या गिअरवर जोर लावून वर घे आणि आरशात धूर बघ. घरी येऊन इंजिन पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा बघ. गरम असताना रेडिएटरचं झाकण कोणाच्याही सांगण्यावरून उघडू नकोस, उकळती वाफ तोंडावर येते.

हे सगळं करूनही शंका उरली तर कॉम्प्रेशन टेस्ट कर. घाटकोपरला तुझ्या ओळखीचा मेकॅनिक तासाभरात करून देईल. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे जवळजवळ आहेत का ते महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत चांगली नाही. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांग. दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. विक्रेत्याच्या शंभर वाक्यांपेक्षा हे चार आकडे मला जास्त सांगतात. आणि तो गाडी तुझ्या मेकॅनिककडे न्यायला नकार देत असेल, तर ते उत्तरही पुरेसं आहे.

पाण्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या उपनगरांत जुन्या गाडीच्या इंजिनाचा खरा वैरी तो आहे, आणि त्या विक्रेत्याने पावसाबद्दल एक शब्दही काढलेला नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. मिठी नदी फुगली. कलिना, कुर्ला, साकीनाका पाण्याखाली गेले. पुढचे कित्येक आठवडे आम्ही चिखल वाळलेल्या गाड्या तपासत होतो. त्यात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. पाण्यात नुसती उभी राहिलेली, बंद असलेली गाडी पुष्कळदा वाचायची. पाण्यात चालता चालता बंद पडलेली आणि घाबरलेल्या मालकाने पुन्हा पुन्हा सेल्फ मारलेली गाडी मरायची. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो इतका थोडा वाकतो की पाणी काढल्यावर इंजिन चालतं, गाडी विकली जाते, आणि काही महिन्यांनी नव्या मालकाच्या हातात रॉड तुटतो. साध्या विमा पॉलिसीत असं इंजिनचं नुकसान बहुधा धरलं जात नाही, त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. म्हणून पुष्कळ मालक खर्च टाळून गाडी तशीच पुढे ढकलतात.

२९ ऑगस्ट २०१७लाही शहर बुडालं होतं, आणि अंधेरी आणि मिलन सबवे तर दर पावसाळ्यात भरतात. ही गाडी २०१७चीच आहे आणि अंधेरीत वाढली आहे. म्हणून पुढचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघ. रोज न उलगडणाऱ्या त्या टोकाला चिखलाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटखालच्या रुळांचा आणि स्क्रूंचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातली माती, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवरची हिरवट कळंक बघ. अत्तराचा वास फार येत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसून राहा, दडवलेला कुबट वास कळेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरवर जुन्या कामांची नोंद मागव, जुलै ते सप्टेंबरमध्ये टो करून आणल्याची नोंद आहे का ते पाहा.

‘इंजिनचं काम आत्ताच करून घेतलंय’ असंही उद्या तो म्हणेल. मग बिल माग, आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळव. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग मिळतात, त्यात वाईट काही नाही. पण इंजिनच बदललेलं असेल तर त्याची आरटीओत नोंद हवी.

आता कायद्याचं. १८७२च्या भारतीय करार कायद्यात कलम १७खाली घोड्याची उदाहरणं आहेत. एकात, लिलावात घोडा विकणाऱ्याला तो आजारी असल्याचं ठाऊक आहे आणि तो गप्प राहतो. कायदा त्याला फसवणूक म्हणत नाही. दुसऱ्यात घेणारा म्हणतो, तुम्ही नाकारलं नाही तर घोडा निरोगी आहे असं मी धरेन. विकणारा तरीही गप्प राहतो. तेव्हा ते गप्प राहणं बोलण्याइतकंच धरलं जातं. दीडशे वर्षांपूर्वीचं हे उदाहरण तुझ्या मोबाइलवर आजही चालतं. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिही: ‘इंजिन पूर्वी उघडलेलं नाही, गाडी पाण्यात बुडालेली नाही, आणि दिवा फक्त सेन्सरमुळे लागतो, असं मी समजते आहे. यात काही चुकीचं असेल तर टोकन देण्याआधी कळवा, नाहीतर मी हे खरं धरून व्यवहार करते आहे.’ मात्र त्याच कायद्याच्या कलम १९मध्ये असंही आहे की साध्या काळजीने तुला सत्य कळू शकत होतं, तर नुसत्या मौनाच्या किंवा चुकीच्या माहितीच्या आधारावर करार मोडता येत नाही. म्हणजे संदेश पाठवला म्हणून तपासणीतून सुटका नाही. कोर्टात जायची वेळ येऊ नये असंच मला वाटतं. संदेशाचा खरा उपयोग त्याच्या उत्तरात आहे. सरळ माणूस ‘हो’ लिहितो किंवा दुरुस्ती सुचवतो. दुसरा फोन करतो.

मी हे इतकं लिहिलं म्हणून प्रत्येक विकणाऱ्याकडे चोर म्हणून बघू नकोस. इथेच आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एक बाई यजमान गेल्यावर गाडी विकत होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधीच सांगायच्या की ही गाडी हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाते, आणि बिलांची फाइल पुढे ठेवायच्या. लोक ऐकून निघून जायचे आणि दुसरीकडे ‘एकदम ओके’ म्हणणाऱ्याकडून घ्यायचे. माझ्या सांगण्यावरून आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने ती घेतली, व्हॉल्व्ह सील बदलून घेतले, आणि अनेक वर्षं चालवली. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, त्यासाठी पुढे २००१मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घेणाऱ्याला चांगली-वाईट गाडी ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच सरासरी भाव देतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो, असं त्यांनी दाखवलं. त्या बाईंना मी तसं निघून जाताना जवळजवळ पाहिलंच होतं. म्हणून दोष स्वतःहून आणि कागदासकट सांगणारा कोणी भेटला तर त्याच्याशी घासाघीस कमी कर.

तुझ्या अंधेरीच्या माणसानेही तीन दोष स्वतःहून सांगितले आहेत, हे मी त्याच्या बाजूने धरतो. तपासू देतो का ते बघू. या शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. मुलुंडहून साडेसहाला निघून तुला घाटकोपरला घेतो, स्कॅनर माझ्याकडे आहे. आज रात्री तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठव आणि त्याचं उत्तर मला पुढे धाड. तोवर टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नकोस, ‘दुसरं गिऱ्हाईक येतंय’ असं तो कितीही वेळा म्हणाला तरी. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुधीरकाका