सहावी गोणी माळावर टाकावी काय?

सभासद बंधूंनो,

गटात फिरताना माळावरच्या गवताला थोडे खत द्या म्हटले की उत्तर ठरलेले, "सायेब, माळाला कुठं खत घालत्यात व्हय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर हिशेबाने काढू.

सुरू उसाला शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची, म्हणजे एकरी 100 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असते. सगळे नत्र युरियातूनच दिले तरी 5 गोण्या पुरतात. तरीही पुष्कळजण सहावी टाकतात. ऊस काळाभोर दिसतो खरा, पण लोळतो आणि साखर उतारा घटतो. ही सहावी गोणी स्वतःच्या एकरभर माळावर टाकली तर काय पडते ते पाहा.

गोणी सुमारे 267 रुपये. वाहतूक व टाकणावळ 233 धरू. एकूण खर्च 500 रुपये. वाळल्या गवताचा भाव किलोला 4 रुपये धरला आणि कापणीचा दीड रुपया वजा केला, तर हाती अडीच रुपये राहतात. म्हणजे एकरी 200 किलो गवत जादा निघाले तर खर्च फिटला. एकराचे गुंठे 40, तेव्हा गुंठ्याला 5 किलो. भाव व मजुरी आपल्या गावची धरून हा आकडा बदलून घ्यावा.

आता माझ्या शब्दावर जाऊ नका. माळाचा एक पट्टा बिनखताचा ठेवा. गवत फुलोऱ्यात आले की दोन्हीकडचा एकेक गुंठा कापा, वाळवा, काट्यावर तोला. फरक 5 किलोच्या वर असेल तर पुढल्या साली पुन्हा टाका. खाली असेल तर गोणी वाचवा.

मात्र तीन गोष्टी सांभाळा :

1. ओल असल्याशिवाय खत टाकू नये. पाऊस होऊन गवत फुटल्यावर टाकावे. आपल्याकडे पावसाचा भरवसा नाही, म्हणून निम्मी गोणी आधी आणि निम्मी पुढच्या चांगल्या पावसावर.

2. माळ राखलेला हवा. खत टाकल्यावर कापणीपर्यंत जनावर सोडू नये. युरियाचे खडे पोटात गेले तर जनावर दगावते. गावच्या गायरानात एकट्याने खत टाकू नये. खर्च एकाचा आणि चराई सगळ्यांची, असे होते.

3. गवत पवना, मारवेल अशा जातीचे हवे. नुसती कुसळी असेल तर आधी चांगले बी टाका, खताचे मागून बघू.

1972 चा दुष्काळ जुन्यांना आठवतो. 2019 सालच्या सांगोला, मंगळवेढ्याकडच्या छावण्या तर सर्वांनीच पाहिल्या. वैरण संपली की उभा ऊस जनावरापुढे पडतो. त्यात सभासदाचे बिल बुडते आणि कारखान्याचे गाळपही. माळावरची एक गंजी तेवढा ऊस वाचवते.

तोललेले आकडे गट ऑफिसात आणून द्यावेत. सर्वांच्या उपयोगी पडतील.

— ऊस विकास अधिकारी