हृदयविकार आणि दूरवैद्यक : बंगळुरूचा अनुभव

मार्च १९०५ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन या शहरात विलेम आइंटहोव्हेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. हृदयाच्या स्पंदनांबरोबर निर्माण होणारे सूक्ष्म विद्युत् प्रवाह नोंदवणारे त्याचे यंत्र अतिशय अवजड होते. ते रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, आणि आजारी माणसांना प्रयोगशाळेत आणणेही सोयीचे नव्हते. तेव्हा त्याने रुग्णालय आणि प्रयोगशाळा ही दोन ठिकाणे दूरध्वनीच्या तारेने जोडली. रुग्ण रुग्णालयातच राहिला. त्याच्या हृदयाचा आलेख मात्र दीड किलोमीटर अंतरावरील प्रयोगशाळेत उमटला. पुढे ई.सी.जी. या नावाने घरोघरी माहीत झालेला आलेख तो हाच. दूरवैद्यकाचा, म्हणजे रुग्ण आणि वैद्य एकमेकांपासून दूर असताना केल्या जाणाऱ्या वैद्यकीय साहाय्याचा, आरंभ अशा रीतीने हृदयापासूनच झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

आइंटहोव्हेनसमोरचा प्रश्न यंत्राच्या वजनाचा होता. भारतासारख्या देशात तो प्रश्न तज्ज्ञांच्या अभावाचा आहे. ई.सी.जी.चे यंत्र आज एका पिशवीत मावते. परंतु त्यावरील रेषांचा अर्थ खात्रीने सांगू शकणारा माणूस बहुधा मोठ्या शहरातच आढळतो.

अंतर आणि वेळ

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या आतील बाजूस वर्षानुवर्षे मेदाचे थर साचत जातात. एखादे वेळी असा थर फाटतो, त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि रोहिणी बंद पडते. तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू साधारणपणे अर्ध्या तासानंतर मरू लागतो, आणि ही हानी पुढील काही तास वाढत राहते. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या दोन-तीन तासांत मिळाले तर त्याचा लाभ सर्वाधिक असतो. बारा तासांनंतर तो फारसा उरत नाही. मात्र या औषधाने अन्यत्र रक्तस्राव होण्याचा धोका असतो. त्यामुळे निदानाची खात्री पटल्याखेरीज लहान गावातील वैद्य ते देण्यास धजत नाही. तो रुग्णाला मोठ्या शहराकडे पाठवतो, आणि मोलाचे तास रस्त्यावर खर्ची पडतात.

बंगळुरूचा प्रयोग

बंगळुरू येथे दोन गोष्टी एकाच शहरात होत्या. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, मुख्यालय तेथे आहे, आणि डॉ. देवी शेट्टी यांनी स्थापन केलेले नारायण हृदयालय हे हृद्रोगांचे मोठे रुग्णालय २००१ मध्ये शहराच्या सीमेवरील बोम्मसंद्र येथे सुरू झाले होते. २००२ मध्ये या दोन्ही संस्था व कर्नाटक शासन यांच्या सहकार्याने हे रुग्णालय चामराजनगर येथील जिल्हा रुग्णालयाशी आणि म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर येथील विवेकानंद स्मारक रुग्णालयाशी उपग्रहाद्वारे जोडण्यात आले. सरगूरचा परिसर जंगलाच्या कडेचा असून तेथे आदिवासींची वस्ती मोठी आहे.

या योजनेची कार्यपद्धती समजण्यास कठीण नाही. छातीत दुखू लागलेला रुग्ण चामराजनगरच्या रुग्णालयात आला की तेथील वैद्य त्याचा ई.सी.जी. काढतो. आलेखाचे रूपांतर संकेतांत होऊन ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जातात व तेथून बंगळुरूस उतरतात. या प्रवासास सुमारे पाव सेकंद लागतो. तोच रुग्ण मोटारीने नेल्यास कित्येक तास लागले असते. बंगळुरूचा तज्ज्ञ पडद्यावर आलेख पाहतो, रुग्णाशी व वैद्याशी बोलतो आणि औषध तेथल्या तेथे द्यावे की रुग्णास पुढे हलवावे हे सांगतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या साखळीत इंजेक्शन देणारा हात चामराजनगरचाच असतो. तज्ज्ञाचा सल्ला उपग्रहावरून येतो. औषध, प्राणवायू आणि रात्रभर जागणारी परिचारिका उपग्रहावरून येत नाहीत. म्हणून दूरच्या ठिकाणी हृद्रोग-दक्षता कक्ष उभारणे आणि तेथील वैद्य व परिचारिका यांना प्रशिक्षण देणे, हे काम संपर्कयंत्रणेइतकेच महत्त्वाचे ठरते.

पुढील वीस वर्षांत उपग्रहाची जागा बव्हंशी भ्रमणध्वनीच्या जाळ्याने घेतली. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रपटांतील लोकप्रिय अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी बंगळुरू येथे हृदय बंद पडून निधन झाले. सर्व राज्य हळहळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्नाटक शासनाने त्यांच्या नावाने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू केली. तीत तालुक्याच्या रुग्णालयात काढलेला ई.सी.जी. संगणकाच्या साहाय्याने तत्काळ वाचला जातो, बंगळुरूच्या जयदेव हृद्रोग संस्थेसारख्या केंद्रातील तज्ज्ञांचा सल्ला मिळतो आणि गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन रुग्णास विनामूल्य दिले जाते.

उरलेले अंतर

एवढ्याने प्रश्न सुटला काय? बंगळुरू येथीलच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी देशातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून वीस हजारांहून अधिक हृद्रोग्यांची माहिती एकत्र केली. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध सुरू होण्यास लागलेला मध्यक काळ ५० मिनिटे होता. परंतु छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात येईपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे होता. म्हणजे निम्म्या रुग्णांचे सहा तास किंवा त्याहून अधिक तास यंत्राशी गाठ पडण्यापूर्वीच गेले होते. याच अभ्यासात गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के, तर सधन रुग्णांपैकी ५.५ टक्के तीस दिवसांच्या आत दगावल्याचे आढळले. गरिबांना उपचारही कमी मिळाले होते.

हे सहा तास कोठे जातात हे कोणत्याही कुटुंबास ठाऊक आहे. ‘पित्त झाले असेल’ म्हणून थोडी वाट पाहिली जाते. वाहन शोधले जाते. पैशांची जुळवाजुळव होते. ज्याच्याकडे उपचारांची सोय नाही अशा वैद्याकडे प्रथम जाणे होते. ही दिरंगाई कोणताही उपग्रह कमी करू शकत नाही. दूरवैद्यकाने येथे उपयोगी पडावयाचे तर त्याला झटक्याच्या कितीतरी आधी, माणूस चालता-फिरता असतानाच, त्याच्यापर्यंत पोहोचावे लागेल.

धोका ओळखणे आणि सोबत करणे

असा माणूस आधी ओळखता येतो काय? बऱ्याच अंशी येतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतील एका मोठ्या अभ्यासातून दिसून आले की पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग नऊ गोष्टींशी निगडित असतो. धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट आणि मानसिक ताण या त्यांतील प्रमुख होत. भाज्या-फळांचा व व्यायामाचा अभाव त्यांतच मोडतो. याच माहितीच्या आधारे पुढे असेही दिसले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी. वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह यांवरून वैद्य पुढील दहा वर्षांतील धोक्याचा अंदाज बांधतात. धोका २० टक्के आहे याचा अर्थ, तशा शंभर माणसांपैकी सुमारे वीस जणांना दहा वर्षांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येण्याची शक्यता असते.

या माणसांना काहीही दुखत नसते, आणि खरी अडचण तीच आहे. न दुखणाऱ्या आजारासाठी रोज गोळी घेणे माणसाला जड जाते. इंग्लंडमध्ये अशाच अधिक धोक्याच्या ६४१ व्यक्तींवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित सल्लागार वर्षभर नियमाने दूरध्वनी करीत, घरी मोजलेल्या रक्तदाबाची चौकशी करीत आणि धूम्रपान सोडण्यास साहाय्य करीत. वर्षअखेर या गटातील ५० टक्के लोकांचा धोका वाढला नव्हता किंवा कमी झाला होता. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात हे प्रमाण ४३ टक्के होते. फरक लहान होता आणि तो निर्णायक मानता येत नाही. रक्तदाब, वजन व आहार यांत मात्र सुधारणा दिसली.

सेंट जॉन्सच्या संशोधकांनी भारतातील १४ रुग्णालयांत झटका येऊन गेलेल्या ८०६ रुग्णांबाबत केलेला प्रयोग याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. तेथे साधे आरोग्यसेवक रुग्णांना भेटत, औषधे का थांबली हे विचारीत आणि नोंद ठेवीत. वर्षानंतर त्यांच्या गटातील ९७ टक्के, तर दुसऱ्या गटातील ९२ टक्के रुग्ण औषधे नियमितपणे घेत होते. या दोन्ही प्रयोगांत कोणतेही नवे औषध नव्हते. कोणीतरी पुन्हा पुन्हा चौकशी करीत होते, एवढेच.

महाराष्ट्रातही हे तत्त्व आचरणात आले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब-नियंत्रण उपक्रमात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे आरंभीच घेण्यात आले. नेमलेल्या दिवशी गोळ्या नेण्यास न आलेल्या रुग्णाचे नाव शोधून त्याला दूरध्वनी करणे, हा या कामाचा एक भाग आहे.

मर्यादा

दूरवैद्यकाच्या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. पुष्कळ घरांत एकच भ्रमणध्वनी असतो आणि तो घरातील स्त्रीच्या हाती क्वचितच असतो. चुकीच्या मापाचा पट्टा रक्तदाबाचा चुकीचा आकडा दाखवतो. सल्ला रुग्णाच्या भाषेत नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. आणि उपकेंद्रात गोळ्याच नसतील तर दूरध्वनीवरून दिलेली आठवण ही थट्टा होते.

या सर्वांचा विचार केल्यास बंगळुरूच्या अनुभवाचा अर्थ स्पष्ट होतो. तज्ज्ञ आणि यंत्र यांच्यामधील अंतर तंत्रविद्येने मिटवले आहे. माणूस आणि यंत्र यांच्यामधील अंतर अजून शिल्लक आहे. ते आरोग्यसेवकाने, शेजाऱ्याने आणि घरच्यांनी मिटवावयाचे आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आपल्या रक्तदाबाचा आकडा माहीत असावा. छातीच्या मध्यभागी दाब, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम, धाप यांपैकी काही जाणवल्यास पित्त म्हणून वाट न पाहता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलवावे. मधुमेही व्यक्ती व स्त्रिया यांच्यात ही लक्षणे पुसटही असू शकतात. तालुक्याच्या रुग्णालयातील यंत्र आज शहरातील तज्ज्ञाशी जोडलेले असले, तरी रुग्ण वेळेवर तेथे पोहोचला तरच त्याचा उपयोग आहे.