एका नोंदीची दोन मूल्ये

लोधीखेड्याच्या व्यापाऱ्याचा संबंध सौंसरप्रमाणेच नागपूरशीही येतो. त्यामुळे वस्तू व सेवा करात राज्याच्या अंकास मोठे महत्त्व आहे. मध्य प्रदेशाचा अंक २३, महाराष्ट्राचा २७. राज्यांतर्गत विक्रीवर केंद्र व राज्य यांचा कर निम्मा निम्मा लागतो. परराज्यातील विक्रीवर एकात्मिक कर लागतो.

समजा, बिले करणाऱ्या संगणकाची सेटिंगची फाईल आम्ही नागपूरच्या पेढीकडून उतरवून घेतली. तीत ‘राज्य = २७’ होते; ते न खोडता खाली ‘राज्य = २३’ लिहिले. संगणक कोणते मानील? उत्तर प्रणालीपरत्वे भिन्न आहे. ‘गिट’ व ‘मायएसक्यूएल’ बहुधा मागाहून वाचलेले मूल्य मानतात. ‘ओपनएसएसएच’ प्रथम आढळलेले धरते. ‘पायथन’चा ‘कॉन्फिगपार्सर’ एकाच विभागात दुबार नोंद दिसताच एरव्ही काम थांबवितो. ही शेवटची रीत आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते, कारण तेथे चूक लपत नाही.

२७ लागू झाल्यास गावातल्याच गिऱ्हाइकाच्या बिलावर एकात्मिक कर चढेल. अशा चुकीचा परतावा एकात्मिक कर कायद्याच्या १९ व्या कलमान्वये मिळतो. परंतु योग्य कर आधी भरावा लागतो व तोवर भांडवल अडकते.

म्हणून जुनी ओळ काढून टाकावी, बदलाची तारीख व कारण टिपून ठेवावे आणि एक नमुना बिल काढून ताडून पाहावे. रोकडवहीत दिवसाची शिल्लक एकच असते. येथेही एका नोंदीस एकच मूल्य असावे.