60 कोड, 52 फायली

चि. सोनूस,


तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. सहभागी पुरवणाऱ्या प्रोलिफिकवर 60 जणांनी प्रयोग पूर्ण केल्याची नोंद आहे आणि विभागाच्या सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये फायली मात्र 52. शेवटी तू विचारलं आहेस, "आणखी 8 जण घेऊन आकडा भरून काढू का?" त्याचं उत्तर आधी देतो: नको. नवीन माणसं घेऊ नकोस, कोडमधली एक ओळही बदलू नकोस, फायलींची नावं नीटनेटकी करायला जाऊ नकोस. भरती थांबव, सगळ्या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे ठेव आणि मग पुढचं वाच. गाईडना महिनाअखेर निकाल हवेत हे मला माहीत आहे. पण तपासाआधी दुरुस्ती केली की पुरावा जातो, आणि मग त्या 8 जणांचं काय झालं हे कुणालाच कधी सांगता येत नाही.

पहिलं काम साधं आणि कंटाळवाणं आहे. प्रत्येक फाईल उघड आणि आत कुणाचा आयडी आहे ते बघ. फाईलच्या नावावर विश्वास ठेवू नकोस. प्रोलिफिक सहभागीचा आयडी लिंकच्या शेपटीला जोडून पाठवतं. कुणी ती शेपटी कापून लिंक दुसऱ्या ब्राउझरमध्ये चिकटवली, की तुझ्या पानाला आयडी मिळत नाही आणि फाईलचं नाव 'अनडिफाइन्ड' होतं. असे दोघे आले तर दुसऱ्याची फाईल पहिल्याच्या फायलीवर बसते, कारण पीएचपीतली फाईल लिहिण्याची नेहमीची आज्ञा जुना मजकूर पुसताना काही विचारत नाही. या वाटेने 8 पैकी एखाददुसरा सापडेल. सगळे सापडतील असं मला वाटत नाही.

तुझी मैत्रीण प्रयोग चालवायला पॅव्हलोव्हिया वापरते म्हणालीस. तिच्याकडे हीच तक्रार आली तर कारणं बहुधा वेगळी असतील: प्रयोग 'पायलटिंग'वरच राहिला असेल, म्हणजे डेटा सर्व्हरवर न जाता ज्याने प्रयोग केला त्याच्याच संगणकावर उतरतो, किंवा मध्येच साठवणीचा प्रकार सीएसव्हीवरून डेटाबेसवर नेला असेल, मग अर्ध्या नोंदी एकीकडे आणि अर्ध्या दुसरीकडे. तिला ही दोन ठिकाणं बघायला सांग. तुझं प्रकरण निराळं आहे.

ते निराळं का, ते बघ. त्या 8 जणांकडे प्रयोगाच्या शेवटी मिळणारा पूर्ततेचा कोड आहे. जे मध्येच सोडून गेले ते प्रोलिफिकवर 'रिटर्न्ड' किंवा 'टाइम्ड-आउट' दिसतात, तुझ्या 60 मध्ये ते नाहीतच. म्हणजे हे आठही जण शेवटच्या पडद्यापर्यंत पोचले. कोड पानाच्या सोर्समध्ये उघडा असतो आणि एखादा हुशार माणूस तिथून तो उचलतो, हे खरं. पण प्रत्येकाला किती वेळ लागला तो आकडा प्रोलिफिक देतं. दोन मिनिटांत 'पूर्ण' केलेला कुणी असेल तर तो लगेच दिसेल. बाकीच्यांनी पुरा वेळ दिला असेल, तर बिघाड शेवटचा पडदा आणि सर्व्हरची डिस्क यांच्या मधल्या त्या एक-दोन सेकंदांत आहे. प्रयोग चालू असतानाचं इंटरनेट, मोबाईल, सहभागींचा निष्काळजीपणा या सगळ्या शंका आता मागे पडतात.

त्या दोन सेकंदांत काय होतं? तुझा प्रयोग ज्यावर चालतो ते जेएससायक (जोशुआ डी लीऊ यांनी केलेलं, त्यांचा त्यावरचा लेख 2015 चा) सगळ्या फेऱ्यांचा डेटा ब्राउझरच्या स्मृतीत धरून ठेवतं. तू पाठवलेल्या कोडमध्ये प्रयोग संपल्यावर तो डेटा एका दमात सर्व्हरकडे पाठवला जातो आणि पुढच्याच ओळीत सहभागीला प्रोलिफिकच्या पानावर धाडलं जातं. सर्व्हरची पोचपावती येईपर्यंत कोड थांबतच नाही. डेटा पोचला, अर्ध्यात तुटला की सर्व्हरने नाकारला, काहीही झालं तरी माणसाला कोड मिळतो. म्हणून तुझे 60 कोड आणि 52 फायली एकाच वेळी खरे असू शकतात.

आता, तुटला की नाकारला? माझा संशय नाकारण्यावर आहे, आणि त्याचं कारण तुझ्या प्रयोगातच आहे. तू माऊसचा माग नोंदवतेस. प्रत्येक नोंदीत आडवं स्थान, उभं स्थान, वेळ आणि घटनेचं नाव, म्हणजे सुमारे 45 बाइट. सेकंदाला 60 नोंदी धरल्या तर माऊस साडेसहा मिनिटं हलता राहिला की 1 एमबी भरतो. आणि तुमच्या सर्व्हरवर येणारा मजकूर आधी घेणारं जे एन्जिनएक्स आहे, ते कुणी मुद्दाम बदललं नसेल तर 1 एमबीहून मोठा मजकूर आत घेतच नाही. 413 क्रमांकाची चूक परत पाठवून मोकळं होतं. पीएचपीची स्वतःची मर्यादा सहसा 8 एमबी असते, पण इतका मोठा मजकूर तिथवर पोचतच नाही. तू घरी करून पाहिलंस तेव्हा सगळं चाललं, कारण उत्तरं तुला पाठ होती आणि तू भराभर संपवलंस. शिवाय गेमिंगचा 144 हर्ट्झचा पडदा असलेला कुणी क्रोमवरून आला, तर त्याच्या नोंदी सेकंदाला दुपटीहून जास्त होऊ शकतात.

हा संशय खरा की खोटा हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही. एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये 'क्लायंट इंटेंडेड टू सेंड टू लार्ज बॉडी' अशी ओळ येते आणि तिच्यापुढे किती बाइट पाठवायचे होते तो आकडाही असतो. वेळ जुळवलीस की कोणती ओळ कोणाची ते कळेल. अशी एकही ओळ सापडली नाही, तर मी चुकलो. मग अॅक्सेस लॉग बघ. ज्याची नोंदच नाही त्याचा डेटा वाटेतच तुटला. नोंद आहे, उत्तर 200 (म्हणजे यशस्वी) आहे आणि तरी फाईल नाही, तर फोल्डरवर लिहिण्याची परवानगी, भरलेली डिस्क किंवा मघाचं पुसलं जाणं यांपैकी काहीतरी. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो: 413 मिळालेला डेटा परत मिळत नाही. सर्व्हरने तो घेतलाच नव्हता.

आता तू विचारलेल्या त्या 8 नव्या माणसांकडे येतो. स्पायवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं की मनात दोन पर्याय झुंजत असले की हात सरळ उत्तराकडे न जाता दुसऱ्याकडे झुकत जातो. तुझा प्रयोग नेमकं हेच मोजतो. मग सांग, 1 एमबी कोण ओलांडणार? जे घुटमळले, ज्यांचा माग लांब झाला, ज्यांना वेळ लागला, तेच. सर्व्हरने तुझ्या नमुन्यातून सगळ्यांत जास्त घुटमळणारी माणसं वेचून बाजूला केली असतील. त्यांच्या जागी तू नवी माणसं घेतलीस तर त्यातलेही घुटमळणारे याच चाळणीत अडकतील. फोल्डरमध्ये 60 फायली होतील आणि सरासरी तितकीच वाकडी राहील. डोनाल्ड रुबिन यांनी 1976 मध्येच ही भानगड नीट मांडली आहे: डेटा गहाळ होण्याचं कारण जेव्हा त्या न दिसणाऱ्या मोजमापातच असतं, तेव्हा उरलेल्या डेटाकडे बघून निष्कर्ष काढता येत नाही. झोउ आणि फिशबाख यांचा 2016 चा लेखही वाच. सहभागी कोणत्या गटातून जास्त गळतात याकडे लक्ष दिलं नाही तर ऑनलाइन प्रयोगातून काय वाटेल ते 'सिद्ध' होतं, हे त्यांनी दाखवलंय. आयलायनर लावण्याची कल्पना केल्याने वजन कमी होतं, इथवर! त्या गटातून पुरुष जास्त गळले होते, एवढंच. म्हणून तुझे 8 कोणत्या गटातले आहेत ते आधी बघ. सोडून गेलेल्यांचंही बघ: ते सगळे एकाच गटाचे निघाले तर त्या गटातल्या चित्रांची नावं तपास. तुझ्या विंडोजला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो, आणि चित्र न सापडल्याने प्रयोग तिथेच अडतो.

दुरुस्ती कारण कळल्यावर कर. सर्व्हरची मर्यादा वाढवून घ्यायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढ्यावर थांबू नकोस. दर ब्लॉकनंतर थोडा थोडा डेटा पाठव, म्हणजे शेवटी एकच गाठोडं राहणार नाही. टॅब बंद होता होता सगळं पाठवू असा जो सल्ला मिळतो, त्यावर विसंबू नकोस. त्या वाटेने ब्राउझर 64 केबीच्या वर काही नेत नाही. पूर्ततेची लिंक सर्व्हरचं उत्तर आल्यावरच दाखव आणि तोवर 'साठवत आहे, पान बंद करू नका' असं ठळक लिही. फाईलच्या नावात आयडीबरोबर वेळ आणि एखादा यादृच्छिक अंक घाल, पण वेळ लिहिताना अपूर्णविराम नको, विंडोजला तो फाईलच्या नावात चालत नाही. त्याच नावाची फाईल आधीच असेल तर सर्व्हरने लिहायला नकार द्यावा, असंही लिहून टाक.

मग प्रयोग चालतो का हे तपासण्याऐवजी तो मोडून बघ. मुद्दाम रेंगाळ. मध्येच रिफ्रेश कर, दोन टॅबमध्ये उघड, ब्राउझरच्या नेटवर्क पॅनेलमध्ये इंटरनेट मंद कर, शेवटच्या पडद्यावर वायफाय बंद कर. दर वेळी सर्व्हरवर काय उरलं ते लिहून ठेव. 'माझ्याकडे चाललं' हे मी सर्व्हर सांभाळताना सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं आणि सगळ्यांत निरुपयोगी वाक्य आहे.

त्या 8 जणांचे पैसे अडवू नकोस. फाईल नाही म्हणून त्यांना नाकारायचं, हे पोरी, शोभत नाही. त्यांनी वेळ दिलाय. शोधनिबंधातही किती आले, किती पुरे झाले, किती फायली मिळाल्या आणि बाकीच्या का नाहीत हे सरळ लिही. गाईड म्हणतील परीक्षक शंका काढतील. काढू देत, तुझ्याकडे लॉग असेल.

आणि त्या लॉगचीच घाई कर. उबुंटूसारख्या सर्व्हरवर एन्जिनएक्सचे लॉग मुद्दाम वाढवले नसतील तर 14 दिवसांत पुसले जातात, आणि तुझी भरती सुरू होऊन आठवडा उलटलाय. उद्या सकाळी ऑफिस उघडताच सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे जा, एरर आणि अॅक्सेस दोन्ही लॉग मागून घे आणि मला पाठव. आईला नमस्कार.

तुझा,
मामा