आरोग्यपाठ : वडीलधाऱ्यांची ‘उन्हाळी’ आणि प्रतिजैविके



सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पाऊस भरपूर पडतो. तरी उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. मग म्हातारी माणसे पाणी कमी पितात. लघवीला आग झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि कोणाकडे तरी उरलेली गोळी घेतात. म्हणून या वेळी हा पाठ.

१. त्रास आधी पाहा. लघवी गडद किंवा वासाची असली म्हणजे संसर्ग झालाच असे नाही. पाणी कमी पडल्यानेही तसे होते. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, काही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडतात. त्यांना बहुधा औषध लागत नाही. नव्याने जळजळ, वारंवार लघवी किंवा ओटीपोटात दुखणे सुरू झाले, तर डॉक्टरांकडे न्यावे.

२. गोळीआधी तपासणी. पहिल्या गोळीपूर्वी नमुना दिला, तर कल्चर तपासणीत जंतू कोणता व त्यावर कोणते औषध चालेल ते कळते. हा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतो. भारतात सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्यावर अनेकदा लागू पडत नाही. शिवाय त्याने वृद्धांच्या टाचेमागची शीर दुखावू शकते. नायट्रोफ्युरंटॉइन मूत्राशयाच्या साध्या संसर्गावर उपयोगी आहे, पण मूत्रपिंडे फार दुबळी असतील तर चालत नाही. म्हणून जुने आजार व चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत.

३. सांगितले तितके दिवस. साध्या संसर्गाला बहुधा ५ ते ७ दिवस पुरतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये, आणि उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नये. पाकिटावरील उभी लाल रेघ सांगते : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको.

४. थांबू नये. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या, लघवी अडणे, अचानक सुस्ती किंवा बरळणे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

मंडळीतील अनेकजण पाड्यांसाठी घरातील उरलेली औषधे प्रेमाने आणून देतात. कृपया त्यांत प्रतिजैविके देऊ नका. अर्धवट पट्टीने आजीचा आजार दबतो, जंतू मात्र निगरगट्ट होतो. पुढच्या वेळी तेच औषध तिच्या कामी येत नाही. त्यापेक्षा तिच्या एसटीच्या भाड्याची सोय करा, आणि आशाताईंना सोबत घेऊन तिला आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवा.