कमांडमध्ये न लिहिलेलं

क्लाउडवरची व्हर्च्युअल मशिन्स कमांड लाइनवरून सांभाळणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की कमांडमध्ये जे लिहिलेलं नाही ते आधी वाचा. कोणतं अकाउंट, कोणता रीजन हे आपण सहसा टाइप करत नाही. डीफॉल्ट प्रोफाइलमधून ते परस्पर ठरतं. टेस्टिंगचं टर्मिनल आणि प्रॉडक्शनचं टर्मिनल शेजारी उघडं असेल तर दिसायला दोन्ही सारखीच. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबमध्ये दुय्यम सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसायची कमांड मुख्य सर्व्हरवर चालली आणि सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. कमांडमध्ये एका अक्षराचीही चूक नव्हती.

न लिहिलेल्यात प्रत्येक क्लाउडची स्वतःची रीतही येते, आणि फसगत बहुतेक तिथेच होते. अझ्युअरमध्ये ‘स्टॉप’ दिलं की मशीन बंद पडतं, पण त्याचं भाडं चालूच राहतं. ते थांबवायला ‘डीॲलोकेट’ द्यावं लागतं. गूगलची डिलीट कमांड आधी विचारून घेते, मात्र स्क्रिप्टमध्ये ‘क्वाएट’ घातलं की तो प्रश्नही गेला. ॲमेझॉनची ‘टर्मिनेट’ कमांड काहीच विचारत नाही, आणि मूळ डिस्कही सहसा मशीनबरोबरच जाते. म्हणून मी आग्रहाने सांगतो, डीफॉल्ट प्रोफाइल ठेवूच नका. प्रोफाइल आणि रीजन लिहिल्याशिवाय कमांड चालली नाही तर उत्तमच. मशिन्स ज्या फिल्टरने निवडणार, काढण्याआधी त्याच फिल्टरने यादी मागवा, नावं डोळ्यांखालून घाला, आणि मग त्या यादीतले आयडी कमांडला द्या.

यावर कोणी म्हणेल, ‘ड्राय-रन’ आहे की! ॲमेझॉनचा ड्राय-रन तुम्हाला परवानगी आहे का एवढंच तपासतो. मशीन योग्य आहे का, हे त्याला कळत नाही. मग वेबवरच्या कन्सोलमध्येच काम करावं का? माझ्या मते नाही. चाळीस मशिन्सवर तेच बदल क्लिक करून करताना एखादं सुटतंच, आणि स्क्रिप्ट दुसऱ्याला आधी वाचायला देता येते, तशी क्लिक देता येत नाही. लिहिलेलं इनपुटही चुकतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेत ठरलेल्या पद्धतीतलीच कमांड देताना एक इनपुट चुकलं, हवे होते त्याहून जास्त सर्व्हर निघाले आणि सेवा काही तास कोलमडली. त्यावर कंपनीने अवजारच बदललं: सर्व्हर सावकाश निघतील, आणि किमान क्षमतेच्या खाली तर निघणारच नाहीत. ॲमेझॉनवर आपल्या हातात असलेली त्याला समांतर सोय म्हणजे टर्मिनेशन प्रोटेक्शन. प्रॉडक्शनच्या प्रत्येक मशीनवर ते लावा. पण मशीनच्या आतून शटडाउन दिल्यावर काय व्हावं, ही सेटिंग ‘टर्मिनेट’ असेल तर हे संरक्षण तिथे लागू होत नाही, तेव्हा तीही तपासून ‘स्टॉप’ करून ठेवा.