स्टिअरिंग हलकं होतं तेव्हा

बीड जिल्ह्यात रेसिंगचा ट्रॅक नाही. देशातले नावाजलेले ट्रॅक कोइमतूर, चेन्नई आणि ग्रेटर नोएडाला. बीड, अंबाजोगाई, परळीतल्या ज्या पोरांना वेगाचं वेड आहे, त्यांची शर्यत टेबलाला आवळलेल्या स्टिअरिंगवरच होते. सिम्युलेटरमधल्या गाडीच्या चाकांवरचा ताण हे व्हील मोटारीने हातापर्यंत आणतं, तोच फोर्स फीडबॅक. त्याची सेटिंग करता करता जे पटलं, ते सांगतो.

१. जोर वाढवला म्हणजे गाडी जास्त कळते असं नाही. लॉजिटेक जी२९सारख्या गिअरवाल्या व्हीलची मोटार जेमतेम २ न्यूटन-मीटरचा पीळ देते. सिम्युलेटरने त्याहून जास्त मागितला की मोटार आपल्या कमाल जोरावर अडकते. हे क्लिपिंग. मग टायरवरचा भार वाढो की घटो, हाताला सगळं सारखंच लागतं. २०१४ साली पूर्ण रूपात आलेल्या असेटो कोर्सा या इटालियन सिम्युलेटरमध्ये पेडलांच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकचीही पट्टी असते; क्लिपिंग झालं की ती लाल होते. लांब, वेगवान वळणात ती लालच राहिली तर गेन, म्हणजे एकूण जोराची सेटिंग, उतरवा. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चाक चढताना क्षणभर लाल झाली तर चालतं.

२. सगळ्यात मोलाचं आहे ते स्टिअरिंग हलकं होणं. वळणात पुढच्या टायरवरचं आडवं बल, टायर रस्त्याला जिथे टेकतो त्याच्या मध्यापासून थोडं मागे लागतं. म्हणून चाक सरळ व्हायला बघतं आणि स्टिअरिंग हाताला ओढतं. टायर पकडीच्या टोकाशी आला की हे अंतर आक्रसतं आणि पकड सुटायच्या आधीच ओढ कमी होते. हा इशारा हाताला मिळाला की पोरगा वळणात वेळेवर सावरतो. आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला हे शिकवावं लागत नाही. तिथलं कारण वेगळं: चढावर मागच्या ओढीने पुढच्या चाकांवरचा भार घटतो. पण स्टिअरिंग हलकं लागलं म्हणजे पुढची पकड चालली, हे त्याच्या हातांना पक्कं ठाऊक असतं. गेन इतकाच ठेवा की ही घट हाताला कळेल. बाकीची सगळी जुळवाजुळव तिच्यासाठीच.

३. गिअरवाल्या व्हीलमध्ये बारीक जोर घर्षणातच जिरतो. तो हातापर्यंत यावा म्हणून मिनिमम फोर्स ही सेटिंग हळूहळू वाढवा. सरळ रस्त्यावर व्हील आपोआप डावी-उजवीकडे झुलू लागलं की थोडं मागे या.

४. कर्ब, रोड आणि स्लिप इफेक्ट शून्यावर ठेवा. ही थरथर वरून मिसळलेली असते आणि मोटारीचा मुळात तोकडा जोर खाते. खरा कर्ब त्याशिवायही हाताला लागतो.

५. डॅम्पर, म्हणजे व्हील फिरवताना मुद्दाम घातलेला जडपणा, कमीच बरा. व्हील ९०० अंशांवर असू द्या. कोणत्या गाडीला किती फिरवायचं ते सिम्युलेटर बघून घेतो.

६. पातळ प्लायवुडच्या टेबलावर निम्मी जाणीव टेबल हलवण्यातच जाते. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या, महागड्या व्हीलचा विचार त्यानंतर. स्टँड एकदाच करायचा, पण गाडी बदलली की गेन पुन्हा तपासा. फॉर्म्युला गाडीला बसलेला आकडा साध्या रस्त्यावरच्या गाडीला बसेलच असं नाही. असेटो कोर्सात नंबरपॅडच्या अधिक-उणे बटणांनी तो चालत्या गाडीतच बदलता येतो.